वाटा आणि जाब

दिवाळी आली की आपल्याकडे किल्ले उभे राहतात. वाड्याच्या चौकात, चाळीच्या गच्चीवर आणि आता सोसायटीच्या जिन्याखालीही. दगड, विटा, पोती, वर चिखलाचा लेप आणि त्यावर पेरलेल्या हळिवाचे हिरवे कोंब. माथ्यावर सिंहासन, सिंहासनावर महाराज; खाली दरवाज्यापाशी पहारेकरी, वळणावळणावर मावळे. ही मांडणी मुलांना कोणी शिकवत नाही, पण तिच्यातला नियम ती बिनचूक पाळतात. ज्याचा मान मोठा तो उंचावर आणि ज्याच्यावर पहिला घाव यायचा तो पायथ्याशी. जगातल्या सगळ्याच राज्यांची मांडणी अशी असते आणि तशी असण्यात गैर काही नाही. राजाच दरवाज्यावर पहाऱ्याला बसला तर राज्य कोणी पाहायचे? पण ही मांडणी एकदा मान्य केली की तिच्यातूनच एक नैतिक प्रश्न निघतो. पायथ्याशी उभा असलेला माणूस प्राण पणाला लावतो. माथ्यावर बसलेला त्याचे काय देणे लागतो?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते. सीमेवर काही घडले, तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी एखाद्या खेड्यात आली, की पारावर, कट्ट्यावर, जेवणाच्या पंगतीत कोणीतरी म्हणतोच, "या पुढाऱ्यांची पोरे पाठवा आधी सीमेवर, मग कळेल!" बाकीचे माना डोलावतात. मीही हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे. त्यातला संताप मला खोटा वाटत नाही. पण संतापातून निघालेले वाक्य खरे असतेच असे नाही, म्हणून ते जरा तपासून पाहावे असे मनात आहे. सणाच्या दिवसांत हा विषय जड वाटेल. पण ज्या एका वर्षी हा प्रश्न आपल्या देशापुढे सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, ते वर्षही ऐन दिवाळीतच पेटले होते.

१९६२ च्या ऑक्टोबरची वीस तारीख. दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या पहाटे चीनच्या फौजांनी पूर्वेला नामका चू नदीच्या काठावर आणि पश्चिमेला लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला चढवला. त्याच्या आठ दिवस आधी, बारा तारखेला, पंतप्रधान नेहरूंनी सिलोनला जाता जाता वार्ताहरांना सांगितले होते की आपला प्रदेश मोकळा करण्याचा हुकूम लष्कराला दिलेला आहे. हुकूम दिल्लीत सुटला, पण तो ज्यांनी पाळायचा त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगावर उन्हाळी गणवेश होते. हातात पहिल्या महायुद्धाच्या काळच्या घाटणीच्या रायफली होत्या, आणि काडतुसे मोजकी. रस्ता जिथे संपत होता तिथून पुढे रसद माणसांच्या पाठीवरून नाहीतर विमानातून टाकून पोचवायची. असे एक महिना चालले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली तेव्हा आपले १,३८३ जवान ठार झालेले होते, सुमारे सतराशे बेपत्ता होते आणि जवळजवळ चार हजार कैदेत होते.

त्या महिन्यात सामान्य माणसाने काय दिले, ते ज्यांनी पाहिले त्यांनी आपल्या मुलानातवंडांना सांगितलेले आहे. राष्ट्रीय संरक्षण निधी उघडला गेला आणि बायकांनी हातातल्या बांगड्या, पाटल्या, कोणी तर मंगळसूत्रही काढून दिले. पोरांनी खाऊचे पैसे दिले. महाराष्ट्राने आपला मुख्यमंत्री दिला. शस्त्रसंधी जाहीर झाली त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे वाक्य घरोघरी गेले. पुढे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली आणि गावोगावच्या सोनारांची भट्टी थंड पडली. त्या सोनाराने नामका चूचे नाव कधी ऐकले नव्हते, पण युद्धाची किंमत त्याच्या चुलीपर्यंत येऊन पोचली. आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसेच दिली, त्यांच्याविषयी काय बोलावे? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान पडले, आणि ते युद्ध तर त्यांच्या स्वतःच्या देशाचेही नव्हते.

आता दुसरी बाजू पाहू. ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्याकडून काय वसूल झाले? संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. तेही एकदम नाही. ३१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून संरक्षणखाते काढून संरक्षण उत्पादनाचे खाते दिले गेले, आणि त्यांच्याच पक्षातल्या खासदारांनी हट्ट धरला तेव्हा ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी राजीनामा दिला. पुढे ते अफगाणिस्तानात राजदूत म्हणून गेले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. १९६३ च्या २ सप्टेंबरला चव्हाणांनी लोकसभेत तिचा गोषवारा सांगितला. तिची कक्षा काय होती ते नीट पाहण्यासारखे आहे. जवानांचे शिक्षण, त्यांची साधने, हुकूमतीची पद्धत, शारीरिक क्षमता आणि आपल्या हाताखालच्या माणसांवर प्रभाव पाडण्याची सेनाधिकाऱ्यांची ताकद, एवढे पाच विषय. दिल्लीत निर्णय कसे झाले, ते कोणी घेतले, सल्ला कोणाचा ऐकला आणि कोणाचा ऐकला नाही, हा विषय त्यात नव्हता. म्हणजे चौकशीचा कंदील पायथ्याकडे रोखलेला होता. माथा अंधारातच राहिला. आणि एवढा मर्यादित अहवालही सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१० साली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, त्या वेळच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की त्यातला मजकूर अजूनही संवेदनशील आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग उघड केला, पण सरकारच्या हातून तो लोकांपर्यंत आजही आलेला नाही. त्यानंतर पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले. कुलूप मात्र कोणी काढले नाही. यावरून हे एका पक्षाचे पाप नाही, ही वरच्या थराची सवय आहे, असे मला म्हणावेसे वाटते.

आता पारावरच्या त्या वाक्याकडे येतो. "त्यांची पोरे पाठवा, मग कळेल." या वाक्यात दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली मागणी वाट्याची आहे. संकट सगळ्यांचे, तर प्राणांची जोखीमही सगळ्यांत वाटली जावी. दुसरी मागणी जाबाची आहे. ज्याने निर्णय घेतला त्याने त्याचे उत्तर द्यावे. आपण असे धरून चालतो की पहिली पुरी झाली की दुसरी आपोआप पुरी होईल. ज्याचा मुलगा आघाडीवर आहे तो माणूस शहाणपणानेच निर्णय घेईल, असा आपला समज असतो. हा समज इतिहासाला टेकतो का?

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेला विश्वासराव हा पेशव्यांचा थोरला मुलगा होता, जेमतेम अठरा वर्षांचा. सदाशिवरावभाऊ हा पेशव्यांचा चुलतभाऊ, समशेरबहाद्दर सावत्र भाऊ. शिंद्यांच्या घरातला दत्ताजी वर्षभर आधीच बुराडी घाटावर गेला होता, जनकोजी पानिपतावर गेला. त्या दिवशी मराठी राज्याच्या वरच्या थराने रक्ताचा वाटा उचलला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पुत्रशोकाने आणि पराभवाने खचलेले नानासाहेब पाच महिन्यांनी पर्वतीवर वारले. तरीही मोहिमेबरोबर बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड लवाजमा होता, सूरजमल जाट दुरावला होता, रसद तुटली होती आणि माणसे उपाशी लढली. स्वतःचा मुलगा रणात आहे म्हणून यातली एकही चूक टळली नाही.

इतर देशांतही असेच दिसते. १९१६ च्या १५ सप्टेंबरला सोमच्या लढाईत इंग्लंडचे पंतप्रधान ॲस्क्विथ यांचा थोरला मुलगा रेमंड मारला गेला. त्या मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, इंग्रजांची सुमारे एकोणीस हजार माणसे ठार झाली होती. पंतप्रधानाचा मुलगा गेला म्हणून मोहीम थांबली नाही, ती नोव्हेंबरपर्यंत चालली. माओचा मुलगा आनयिंग १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात मेला. युद्ध १९५३ च्या जुलैपर्यंत चालूच होते. किंबहुना कधी कधी उलटेच घडते. ज्याने आपला मुलगा गमावला आहे त्याला कोणी प्रश्न विचारायला धजत नाही, आणि त्याला स्वतःलाही माघार घेणे म्हणजे मुलाचा मृत्यू व्यर्थ ठरवणे वाटू लागते. रक्ताचा वाटा मग जाब टाळण्याचे साधन बनतो.

आपल्या इतिहासात याहूनही बोलके एक उदाहरण आहे. सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडीत पकडून सोडून दिले. महाराज रागावले. त्यांचा राग हा जाब विचारणे होते. शत्रू हातात आलेला असताना का सोडलास, हा राज्याच्या धन्याने सेनापतीला विचारलेला रास्त प्रश्न. प्रतापरावांनी त्याचे उत्तर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत दिले. मोजक्या स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मेले. आपण त्या मरणाला वंदन करतो, ते योग्यच आहे. पण थंड डोक्याने विचार केला तर राज्याला काय मिळाले? राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला असताना सेनापती गेला आणि खान होता तिथेच राहिला. महाराजांना प्रतापरावांचे प्राण नको होते, त्यांना खानाचा बंदोबस्त हवा होता. मरण हे उत्तर नव्हे. आपल्या मनात मात्र शौर्य आणि जबाबदारी यांची गाठ अशी घट्ट बसली आहे की जो मरायला तयार आहे त्याचा हिशेब पुरा झाला असे आपण समजतो.

मग वाट्याची मागणी सोडून द्यावी काय? नाही. ती वेगळ्या कारणासाठी न्याय्य आहे. वाटा उचलल्याने पुढारी शहाणा होतो म्हणून नव्हे, तर समान नागरिकांच्या देशात मरणाची जोखीम एकाच थरावर ढकलणे हाच अन्याय आहे म्हणून. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ साली, तीनशे डॉलर भरले की सक्तीच्या भरतीतून सुटता येत असे. शंभर वर्षांनी व्हिएतनामच्या वेळी पैशांऐवजी कॉलेजचे शिक्षण पुढे करून सुटता येऊ लागले. ओरड वाढली तेव्हा १ डिसेंबर १९६९ ला चिठ्ठ्या टाकून भरतीचा क्रम ठरवण्यात आला आणि १९७३ मध्ये सक्तीची भरतीच संपली. आपल्या घटनाकारांना हा धोका दिसला असावा. घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली, आणि त्याला लगेच एक अट घातली. ही सेवा लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. 'वर्ग' हा शब्द तिथे आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घटनेत आली तेव्हा हाक आल्यावर देशाचे रक्षण करणे आणि राष्ट्रीय सेवा बजावणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले. तिथेही शब्द 'प्रत्येक' असाच आहे.

याचा अर्थ सर्वांना सक्तीने सैन्यात घालावे असा मी करत नाही. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात, आणि आपले भूदल सुमारे बारा लाखांचे आहे. या सगळ्यांना बंदूक शिकवायची तर शिकवणाऱ्यांचेच सैन्य उभारावे लागेल. १९६३ मध्ये आपण महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची केली, आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली. आजचे लढणे हे कसबाचे काम आहे. ते हजेरीच्या सक्तीने अंगी येत नाही. पण स्वेच्छेच्या भरतीतही एक प्रश्न उरतोच. स्वेच्छा कोणाची? ज्याच्या शेतात पाणी नाही आणि गावात दुसरी नोकरी नाही, त्याच्या स्वेच्छेत आणि ज्याच्यापुढे दहा वाटा मोकळ्या आहेत त्याच्या स्वेच्छेत फरक आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने जवानाची नोकरी चार वर्षांची केली आणि त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जणांनाच पुढे ठेवण्याचे ठरवले. त्या योजनेच्या लष्करी गुणदोषांत मी शिरत नाही. पण तिची चर्चा कोणत्या घरांत झाली? ज्या घरांतली मुले पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करतात त्या घरांत. ज्या घरांत दिवाळी अंक विकत घेतले जातात, त्यांतल्या बहुतेक घरांना ती बातमी दुसऱ्यांची वाटली. वाटा असमान झाला की कुतूहलही असमान होते, आणि जाब विचारणारा आवाज आपोआप क्षीण होतो. वाट्याचा आणि जाबाचा खरा संबंध असेल तर तो इथे आहे. वाटा पुढाऱ्याला शहाणा करत नाही, पण नागरिकाला जागा ठेवतो.

आता जाबाविषयी. जाब म्हणजे शिक्षा नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. एक आक्षेप नेहमी घेतला जातो की चुकीबद्दल मान कापली जाणार असे वाटू लागले तर कोणताही सेनापती धाडस करणार नाही आणि मंत्री प्रत्येक कागद दुसऱ्याकडे ढकलील. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जाब आणि सूड यांत फरक केला पाहिजे. काय ठाऊक होते, काय ठरवले आणि का ठरवले, हे लोकांपुढे मांडणे म्हणजे जाब देणे. प्रामाणिकपणे घेतलेला आणि चुकलेला निर्णय त्यात उघडा पडला तरी निर्णय घेणारा त्यामुळे नामोहरम होत नाही. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली तेव्हा तीन दिवसांत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला. युद्ध व्हायचे होते, बेटे परत मिळतील की नाही हे कोणाला ठाऊक नव्हते. आपल्या खात्याच्या डोळ्यांदेखत हे घडले, एवढे त्यांना पुरेसे वाटले. त्यांची प्रतिष्ठा त्याने कमी झाली नाही. दोन वर्षांनी ते नाटोचे सरचिटणीस झाले.

ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवरची व्यवस्था आठवावी. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे दाणागोटा आणि दारूगोळा; हे तिघे वेगवेगळ्या जातींचे असत. कोठारात धान्य किती, दारू कोरडी आहे की ओली, पहाऱ्यावर कागदोपत्री माणसे किती आणि प्रत्यक्षात किती, हे एकाला लपवावेसे वाटले तरी दुसऱ्याच्या वहीत उमटत असे. यात कोणाच्या शौर्यावर अविश्वास नव्हता. शूर माणसाचेही कोठार मोजले पाहिजे, एवढीच समज होती. युद्धाची तयारी ही रणशिंग फुंकण्याच्या दिवशी होत नाही. ती हिशेबाच्या वहीत, शांततेच्या काळात होते, आणि म्हणून जाबही शांततेतच विचारावा लागतो.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. शत्रूच्या कानी पडू नये असे पुष्कळ काही असते, हे कोण नाकारील? पण १९६२ च्या नोव्हेंबरात, युद्ध चालू असताना, लोकसभेचे अधिवेशन नेहमीच्या आधी बोलावले गेले. गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना आली तेव्हा नेहरूंनी ती मानली नाही. दीडशेहून अधिक सभासद उघड बोलले, सरकारला खडे बोल सुनावले, आणि त्याने देश कोसळला नाही. हे नेहरूंचे श्रेय आहे, आणि ते द्यायला हवे. युद्धाच्या ऐन धामधुमीत जे सोसले, ते पुढच्या साठ वर्षांच्या शांततेत का सोसू नये? कारगिलच्या वेळी आपण याहून बरे वागलो. १९९९ च्या जुलैअखेर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००० च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल, काही मजकूर वगळून का होईना, संसदेपुढे आला. तो पुस्तकरूपाने विकत मिळू लागला. व्यक्तीवर ठपका ठेवणे हे त्या समितीचे काम नव्हते, पण हेरखाते कुठे कमी पडले ते तिने लिहिले. ५२७ जवानांच्या मरणाचे देणे थोडे तरी फिटले. पुढे २००१ साली मंत्रिगटाने तिन्ही दलांना मिळून एक प्रमुख असावा अशी शिफारस केली. तो प्रमुख प्रत्यक्षात नेमला गेला तेव्हा २०२० चा जानेवारी उजाडला होता. अहवाल छापणे ही जाबाची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी चढायला आपल्याला एकोणीस वर्षे लागली.

इथपर्यंत आपण 'ते' म्हणत आलो. पण माथा एकच नसतो. प्रत्येक पायरी खालच्या पायरीचा माथा असते. १९६२ च्या फेब्रुवारीत, युद्धाच्या आठ महिने आधी, उत्तर मुंबईच्या मतदारांपुढे कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी असे दोन उमेदवार होते. कृपलानी संरक्षणखात्याच्या कारभारावर संसदेत वर्षभर टीका करत होते. मतदारांनी मेननांना प्रचंड बहुमताने निवडून दिले. त्यांनी चूक केली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या मताला दुसरीही कारणे असतील. पण नोव्हेंबरात मेनन गेले तेव्हा त्या मतदारांना कोणी काही विचारले नाही, आणि त्यांनी स्वतःलाही विचारले नसावे. राजीनामा मंत्र्याचा असतो, मतदाराला राजीनामा नाही.

हे जुने झाले म्हणावे तर २०१८ चा मार्च महिना पाहा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे भूदलाच्या उपप्रमुखांनी सांगितले की लष्कराची ६८ टक्के साधने जुनाट गटात मोडतात. समितीने ते आपल्या अहवालात छापले. कोणीही वाचावा असा उघड अहवाल. त्याच महिन्यात, १४ तारखेला, लोकसभेने साऱ्या खात्यांच्या मागण्या, संरक्षणाच्या मागण्यांसह, गोंधळात, चर्चेविना, अर्ध्या तासात मंजूर केल्या. गोंधळ घालणारेही आपलेच प्रतिनिधी होते आणि मंजुरी देणारेही. त्या संध्याकाळी किती घरांत यावर राग आला? सीमेवरच्या एका गोळीने जेवढा आपला संताप उसळतो, त्याचा शंभरावा भागही या अर्ध्या तासाने उसळला नाही. गुप्त अहवालाबद्दल सरकारला दोष द्यावा, तो रास्तच आहे. पण उघड अहवाल आपण वाचत नाही याला कुलूप कोणाचे?

म्हणून त्या पारावरच्या वाक्याला मी माझ्यापुरते असे वळण देतो. पुढाऱ्यांची मुले सैन्यात गेली तर मला आनंदच आहे. समान देशात ते शोभून दिसेल. सुशिक्षित आणि सुखवस्तू घरांतूनही एखाददुसरे मूल खडकवासल्याच्या प्रबोधिनीकडे वळले, किंवा नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेत गेले, तर वाट्याची विषमता थोडी तरी कमी होईल. पण पुढाऱ्याकडे मागायची गोष्ट त्याचा मुलगा नव्हे. मुलगा हा स्वतंत्र नागरिक आहे, बापाच्या चुकीचा तो तारण नव्हे. पुढाऱ्याकडे मागायचे ते उत्तर. ठरावीक मुदतीनंतर, समजा पंचवीस वर्षांनी, प्रत्येक युद्धाचा अहवाल उघडा होईल असा कायदा मागावा. चौकशीची कक्षा पायथ्यापाशी न थांबता माथ्यापर्यंत जावी असे मागावे. संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होऊ नयेत असे मागावे, आणि मते मागायला येणाऱ्याला हे प्रश्न, रस्त्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नांबरोबर, विचारावेत.

१९६२ च्या १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि कुमाऊँ रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनची एक तुकडी, सुमारे एकशेवीस माणसे, लढत पडली. त्यांतली शंभरावर परत आली नाहीत. काही महिन्यांनी एका मेंढपाळाला ती सापडली, गोठलेल्या अवस्थेत, आपापल्या जागी, हातात शस्त्र धरलेली. त्यांतले बहुतेक हरियाणातल्या अहीर शेतकऱ्यांच्या घरांतले होते. आपला वाटा त्यांनी शेवटच्या काडतुसापर्यंत चुकता केला. त्यांना तिथे कोणत्या विचाराने उभे केले, पाठीमागे काय तयारी ठेवली होती आणि ती अपुरी का पडली, याचा पुरा जबाब त्यांच्या घरच्यांना सरकारने अजून दिलेला नाही. तो मागण्याचा हक्क फक्त त्या घरांचा आहे असे मला वाटत नाही. त्या वर्षीची दिवाळी ज्यांनी आपापल्या घरात साजरी केली, आणि त्यांच्या मागून आलेल्या आपण सर्वांनी, तो मागायला हवा.